सातबहिणींचा कडा



डोंगर म्हटला कीं महाराष्ट्रांतील सुशिक्षित घरांत सह्याद्रीचेंच नांव निघतें. कळसूबाई, हरिश्चंद्रगड, राजगड हीं नांवें मुलांना इतिहास-भूगोलाच्या पुस्तकांतून पाठ झालेलीं असतात. चांद्याकडेहि डोंगर आहेत हें मात्र पुष्कळांच्या गांवींहि नसतें. चांदा म्हणजे जंगल, कोळसा, वाघ आणि ऊन, एवढ्यावर त्यांची माहिती संपते. पूर्वींच्या त्या चांदा जिल्ह्याचे आतां चंद्रपूर व गडचिरोली असे दोन जिल्हे झाले आहेत. गडचिरोली २६ ऑगस्ट १९८२ रोजीं निराळा करण्यांत आला. वर्धा नदीपासून इंद्रावतीपर्यंत पसरलेल्या या प्रदेशांत फार मोठीं शिखरें नाहींत हें खरें. पण डोंगराची परीक्षा केवळ उंचीनें होत नाहीं. पायथ्यापासून माथ्यापर्यंत दोन-तीन तासांत संपणारा एखादा कडा शेवटच्या पन्नास हातांत माणसाचा जसा कस पाहतो, तसा दिवसभराच्या चालीचा मोठा पर्वतहि कित्येकदां पाहत नाहीं. आजचें भाषण अशाच एका कड्याविषयीं आहे.

नागभीडहून सिंदेवाहीकडे जाणाऱ्या आगगाडींतून तळोधीच्या आसपास पश्चिमेकडे पाहावें. धानाच्या बांध्या, त्यांच्या कडेचीं मोहाचीं झाडें, मधूनच एखादें जुनें तळें, आणि त्या सर्वांच्या पलीकडे जंगलानें झांकलेली डोंगरांची एक रांग. हीच पेरजागडची रांग. चिमूर आणि ब्रह्मपुरी हे जुन्या काळचे दोन परगणे. त्यांना एकमेकांपासून निराळे करणारी नैसर्गिक भिंत म्हणजे हे डोंगर. १८७० सालीं चार्ल्स ग्रँट यांनीं संपादून प्रसिद्ध केलेल्या मध्य प्रांताच्या गॅझेटियरांत या रांगेची लांबी तेरा मैल आणि रुंदी सहा मैल दिली आहे. रांगेला पेरजागड हें नांव पडलें तें तिच्या दक्षिण बाजूच्या एका तुटलेल्या उंच कड्यावरून. आणि हा कडा चाळीस मैलांवरून दिसतो, असेंहि तेथें नमूद आहे.

चाळीस मैल हा आंकडा ऐकून कोणी हांसेल. सरकारी पुस्तकांतहि कधींकधीं गप्पा शिरतात. पण थोडें गणित करून पाहण्यास हरकत नाहीं. पृथ्वी वाटोळी असल्यामुळें एखादी उंच वस्तु सपाट प्रदेशांत किती दूरवरून दिसेल याला मर्यादा आहे. वस्तूच्या उंचीचे जितके फूट, त्यांचें वर्गमूळ काढावें आणि त्याची सुमारें सव्वापट करावी. जो आंकडा येईल तितके मैल. नऊशें फुटांचें वर्गमूळ तीस. त्याची सव्वापट साडेसदतीस. हवेच्या थरांतून येतांना प्रकाशाचा किरण किंचित वांकतो, त्यामुळें आणखी एक-दोन मैलांची भर पडते. म्हणजे कड्याचा माथा भोवतालच्या सपाटीहून सुमारें नऊशें फूट वर असला, तर स्वच्छ हवेच्या दिवशीं चाळीस मैलांवरचा शेतकरी त्याचें टोंक पाहूं शकतो. लिहिणारानें अतिशयोक्ति केली असें म्हणण्याचें कारण नाहीं. या प्रदेशांत इतकें उंच दुसरें कांहीं जवळपास नसल्यामुळें वाट चुकलेल्या बैलगाडीवाल्याला तो कडा एके काळीं किती उपयोगी पडत असेल, याचीहि कल्पना करतां येते.

या कड्याचें दुसरें नांव सातबहिणी. सात बहिणींनीं या ठिकाणीं राहून तपश्चर्या केली अशी जुनी कथा आहे, आणि दीडशें वर्षांपूर्वींच्या त्या गॅझेटियरांतहि तिचा उल्लेख आहे. महाराष्ट्रांत सातांच्या संख्येनें येणाऱ्या देवता पुष्कळ. कोंकणापासून वऱ्हाडापर्यंत डोहाच्या कांठीं शेंदूर लावलेले सात दगड दिसले कीं त्या साती आसरा हें लहान मूलहि सांगतें. आसरा पाण्याच्या, तर या बहिणी कातळाच्या. जातां जातां एक गंमत सांगण्यासारखी आहे. जंगलांत पाचोळा उलथत, कलकलाट करीत थव्यानें हिंडणारा जो मातकट रंगाचा पक्षी, त्याला मराठींत सातभाई म्हणतात. इंग्रज लोक त्याच पक्ष्याला सात बहिणी म्हणतात. पेरजागडच्या पायथ्याच्या झाडींत हे भाऊ पुष्कळ, आणि बहिणी वर कड्यावर!

गड या शब्दानें मात्र श्रोत्यांनीं फसूं नये. गड म्हणतांच आपल्या डोळ्यांपुढें तट, बुरूज, दरवाजे उभे राहतात. तशा अर्थाचा गड पाहावयाचा असेल तर गडचिरोलीच्या ईशान्य भागांत, सुमारें दोन हजार फूट उंचीवरील टिपागडाकडे जावें. तेथें डोंगरावर तळें आहे, आणि पुरम राजाची करुण कथा त्या तळ्याशीं जोडलेली आहे. राजा लढाईंत पडला अशी चुकीची समजूत होऊन राणीनें तळ्यांत देह टाकला, आणि जिवंत परत आलेल्या राजानेंहि तिच्या मागोमाग तोच मार्ग धरला, अशी ती कथा. पेरजागडचें महत्त्व निराळें आहे. येथें पाहावयाचा तो कडाच.

आणि कडा असल्यामुळेंच त्याच्यावर चढण्याचा मोह होतो. सह्याद्रीच्या किल्ल्यांवर चढणें हें एका अर्थीं सोपें. कारण तेथें पूर्वजांनीं कातळांत पायऱ्या खोदून ठेवल्या आहेत. १८१८ सालीं इंग्रजांनीं किल्ले घेतले तेव्हां कित्येक ठिकाणच्या पायऱ्या सुरुंगानें उडवून दिल्या, हें खरें; तरी ज्या राहिल्या त्यांवरून आजहि माणसें सुखानें वर जातात. नाशिककडील हरिहरच्या उभ्या पायऱ्यांना तर हातांच्या बोटांसाठींहि खोबण्या आहेत. ओबडधोबड कातळावर चढणारास हें भाग्य नसतें. तेथें पाऊल कोठें ठेवावें हें प्रत्येकानें आपल्या डोळ्यांनीं शोधावयाचें असतें, आणि जेथें पाय पुरत नाहींत तेथें हात टेकावयाचे असतात. दोरखंडानें बांधून घेऊन चढण्याइतका अवघड नव्हे, आणि हात खिशांत घालून चालण्याइतका सोपाहि नव्हे, असा हा मधला प्रकार आहे. आणि अपघात होतात ते बहुतेक या मधल्या प्रकारांतच. अवघड कड्यापुढें माणूस आपण होऊन थांबतो. सोप्या वाटेवर पडला तरी गुडघा फुटण्यापलीकडे कांहीं होत नाहीं. मधल्या वाटेवर तो थांबत नाहीं, आणि पडला तर उठतहि नाहीं.

कड्यापर्यंतची वाट जंगलांतून जाते. साग, ऐन, धावडा, तेंदू, मोह आणि बांबू यांचें हें जंगल. याच टापूंतील घोडाझरीचें वन २०१८ सालीं अभयारण्य म्हणून घोषित झालें. वाघ येथें पुस्तकांतला प्राणी नाहीं. ब्रह्मपुरी वनविभागांत वाघ आणि माणूस एकाच वाटेनें जातात, आणि सरपण आणण्यास किंवा मोहफुलें वेचण्यास गेलेलें माणूस परत न आल्याच्या बातम्या दर वर्षीं येतात. म्हणून वनखात्याच्या परवानगीवांचून आणि गांवच्या वाटाड्यावांचून या वाटेला लागणें हें धाडस नव्हे, नुसता अविचार होय. कड्याजवळच्या खडकांत आणि कपारींत खरें भय अस्वलाचें असतें. वाघ बहुधा माणसाची चाहूल लागतांच बाजूला होतो. अस्वलाची नजर मंद, आणि वळणावर एकदम गांठ पडली तर तें पळण्याऐवजीं अंगावरच येतें. भल्या पहाटे खडकांच्या खोबणींत शिरणें म्हणूनच टाळावें. वाटाडे चालतांना मधून मधून खांकरतात किंवा काठी दगडावर आपटतात, तें उगीच नव्हे.

ऋतूचाहि विचार करावा लागतो. पावसाळ्यांत कातळावर शेवाळ येतें, आणि त्यावर पाय ठरत नाहीं. माघ-फाल्गुनांत सागाची पानगळ होते. त्या मोठाल्या, वाळलेल्या पानांचा थर उतारावर पसरला म्हणजे त्याखालीं दगड आहे कीं खळगा आहे हें समजत नाहीं, आणि पान पानावरून घसरतें. कुसळी गवत वाळलें म्हणजे तेंहि तितकेंच निसरडें. वैशाखांत तर प्रश्नच नाहीं. या जिल्ह्याचा पारा पंचेचाळीस अंशांपलीकडे सहज जातो, आणि दुपारीं कातळाला हात लावतां येत नाहीं. राहतां राहिले ते मार्गशीर्ष-पौषाचे दिवस. तेव्हांहि पाणी पायथ्यापासूनच घेऊन निघावें. वर मिळेल असें धरून चालूं नये.

झाडी विरळ होत जाते, मोठाले धोंडे लागतात, आणि मग शेवटीं ती धार येते. धार हा शब्दच किती नेमका आहे! सुरीची धार आणि डोंगराची धार यांना मराठींत एकच शब्द असावा यांत आश्चर्य नाहीं. एका बाजूला उतार, दुसऱ्या बाजूला एकदम तुटलेला कडा, आणि मधून कोठें दोन हात तर कोठें एक हात रुंदीचा कातळ. तेवढ्याच रुंदीचा ओटा घराच्या अंगणांत असता तर लहान मूल त्यावरून धांवत गेलें असतें. अंगणांतल्या ओट्यावर आणि या कातळावर पायाला करावें लागणारें काम अगदीं एकच. तरी येथें पाय थरथरतात, घसा कोरडा पडतो, आणि एरव्हीं धीट म्हणविणारा तरुणहि एकाएकीं गुडघ्यांवर बसतो. असें कां व्हावें?

याला भित्रेपणा म्हणून मोकळें होणें सोपें आहे, पण न्यायाचें नाहीं. मनुष्य उभा असतो तेव्हां तो पूर्ण स्थिर कधींच नसतो. त्याचें शरीर सतत अगदीं थोडें पुढें-मागें डोलत असतें. हें डोलणें ओळखून सावरण्याचें काम तीन इंद्रियें मिळून करतात. कानाच्या आंतील तोल सांभाळणारा अवयव, पायांचे स्नायु व सांधे, आणि डोळे. डोळ्यांना तें कळतें भोंवतालच्या जवळच्या वस्तूंवरून. आपण डोललों कीं समोरचें दार, भिंत, झाड किंचित सरकल्यासारखें होतें आणि मेंदु तत्काळ तोल सावरतो. धारेवर उभें राहिलें म्हणजे जवळची वस्तूच उरत नाहीं. सर्वांत जवळचें झाड शेंकडों फूट खालीं, आणि शेत तर मैलभर दूर. इतक्या दुरून शरीराचें डोलणें डोळ्यांना दिसत नाहीं. म्हणून डोलणें वाढतें, आणि कान व पाय एक सांगतात तर डोळे दुसरें सांगतात. जर्मनीचे वैद्य थॉमस ब्रांट आणि त्यांचे सहकारी यांनीं १९८० सालीं या घेरीची अशीच मीमांसा केली. म्हणजे ज्याला धारेवर भोंवळ आल्यासारखें वाटतें त्याचें शरीर त्याला खोटें सांगत नसतें. तोल खरोखरच कमी झालेला असतो.

उपायहि या मीमांसेंतूनच निघतो. नजर खालच्या दरींत किंवा वरच्या चालत्या ढगांत न टाकतां चार-पांच हातांवरच्या एखाद्या स्थिर दगडावर ठेवावी. डोळ्यांच्या कोपऱ्यांत तरी जवळचा कातळ दिसत राहिला पाहिजे. हाताचें एक बोट नुसतें टेकलेलें असलें तरी तोलाला फार मोठा आधार होतो. देखावा पाहावयाचा असेल तर आधीं बसावें, मग पाहावें. दुर्बीण डोळ्यांना लावून धारेवर उभें राहणें हा तर शुद्ध वेडेपणा आहे. दुर्बिणीनें जवळचें सगळेंच नाहींसें होतें.

चढण्याच्या रीतीचे कांहीं नियम जुने आणि सर्व देशांतले सारखे आहेत. दोन हात आणि दोन पाय या चार आधारांपैकीं तीन आधार पक्के असल्यावांचून चौथा हलवूं नये. हाताखालचा दगड धरण्यापूर्वीं त्यावर मुठीनें ठोकून पाहावें. पोकळ आवाज आला तर तो दगड मूळ कातळापासून सुटलेला आहे असें समजावें. दगडाला खालच्या दिशेनें भार द्यावा, स्वतःकडे ओढूं नये. गुडघा टेकून चढण्याचा मोह पुष्कळांना होतो. गुडघा टेकला कीं पाय मोकळा करण्यास जागा राहत नाहीं, आणि माणूस तेथेंच अडकतो. खालच्या वाटेवर उपयोगी पडलेली काठी धारेपूर्वींच ठेवून द्यावी. तिनें एक हात विनाकारण गुंततो. खांद्यावरची पिशवी घट्ट बांधावी. ती लोंबत असली तर बरोबर नको त्या क्षणीं कड्याच्या बाजूला झुकते. एकाच्या अगदीं खालीं दुसऱ्यानें चढूं नये, कारण वरच्याच्या पायानें सुटलेला लहानसा खडाहि खालच्याच्या डोक्यावर येतांना लहान राहत नाहीं.

हे नियम ठाऊक असूनहि कधींकधीं एखादा मुलगा धारेच्या मध्यावर थिजतो. पुढें जातां येत नाहीं, मागें वळतां येत नाहीं. कातळाला तो दोन्ही हातांनीं असा बिलगतो कीं बोटें पांढरीं पडतात. मागून मित्र ओरडतात: 'अरे, चल ना, काय घाबरतोस!' या ओरडण्यानें आजवर कोणाचें भय गेलेलें नाहीं. अशा वेळीं जाणता वाटाडा काय करतो हें पाहण्यासारखें असतें. तो प्रथम इतरांना गप्प करतो. मग मुलाच्या बाजूला, दरीच्या अंगाला स्वतः बसतो, म्हणजे मुलाच्या आणि खोल दरीच्या मध्यें एक माणूस येतो. 'बाबू, खाली नोको पाहू, माह्या हाताकडं पाय,' एवढेंच तो आपल्या झाडीबोलींत म्हणतो. वर बोलाविण्याची घाई नाहीं, धीराचीं व्याख्यानें नाहींत. मुलाचा श्वास लागीं लागला कीं एक पाय कोठें ठेवावयाचा तें बोटानें दाखवावयाचें, तो ठेवला कीं दुसरा. बहुतेक वेळां हा प्रवास वरच्या दिशेनें होत नाहीं, खालच्या दिशेनें होतो. ब्रांट प्रभृति वैद्यांनीं सांगितलेली जवळची स्थिर वस्तु ती हीच. गांवच्या माणसाला ती प्रबंध न वाचतां ठाऊक असते.

परंतु पेरजागडच्या कड्यावरचें सर्वांत मोठें संकट दरीचें नाहीं, अस्वलाचें नाहीं, आणि वाघाचेंहि नाहीं. तें आहे आग्या मोहोळाचें. उंच कड्याच्या पुढें झुकलेल्या कपारीखालीं आग्यामाशांचीं काळसर पोळीं लोंबत असतात. घरगुती मधमाशी झाडाच्या ढोलींत किंवा पेटींत अनेक पोळीं बांधते. ही माशी उघड्यावर, एकच पोळें बांधते, पण तें दोन-तीन हात रुंद असतें. त्या एका पोळ्यावर हजारों माशांचा जाड पडदा एकमेकींना धरून बसलेला असतो. आणि अशीं अनेक पोळीं एकाच कड्यावर शेजारीं शेजारीं असतात. फुलांचा बहर सरला कीं ह्या माशा पोळें सोडून दूर जातात, आणि बहर आला कीं पुन्हां येतात. चांदण्या रात्रींहि त्या चाऱ्यासाठीं बाहेर पडतात. मध काढणारे लोक काळोखी रात्र निवडतात त्याचें कारण हेंच.

लांबून पाहिलें तर या पोळ्यावर मधून मधून एक लाट सळसळत गेल्यासारखी दिसते. वरवर पाहणारास तें वाऱ्याचें काम वाटेल. वस्तुतः गांधीलमाशी जवळ आली कीं पडद्यावरच्या माशा एकीमागून एक आपलें शेपटाकडील अंग झटकन वर करतात, आणि ती हालचाल पोळ्यावरून लाटेसारखी धांवते. या लाटांनीं गांधीलमाशी बिचकून दूर होते, असें ऑस्ट्रियांतील शास्त्रज्ञांनीं नेपाळांत निरीक्षणें करून २००८ सालीं प्रसिद्ध केलें. ही झाली नुसती धमकी. धमकीनें भागलें नाहीं तर डंख. मधमाशीच्या नांगीला उलटे कांटे असतात. ती कातडींत रुतून राहते, आणि तिच्याबरोबर एक वास सुटतो, पिकलेल्या केळ्यासारखा. तो वास म्हणजे बाकीच्यांना हांक होय. जेथें एक डंख तेथेंच पुढचे शंभर, असें जें लोक म्हणतात त्याचें मूळ या वासांत आहे.

पोळें खवळतें कशानें? धुरानें, दगड मारल्यानें, आरडाओरड्यानें, तीव्र सुगंधी तेला-अत्तरानें. कधीं मधुबाज पक्षी पोळ्यावर झडप घालतो आणि निघून जातो. शिक्षा मात्र खालीं उभ्या असलेल्या माणसाला मिळते. मोहफुलें वेचण्यापूर्वीं झाडाखालचा पाला जाळण्याची रीत या भागांत आहे. त्या दिवसांत धूर कड्याकडे सरकत असेल तर चढाई सोडून द्यावी हें उत्तम. सातबहिणीच्या डोंगरावर सहलीसाठीं गेलेल्या लोकांवर मधमाशांनीं हल्ला केल्याच्या, आणि त्यांत माणसें दगावल्याच्याहि बातम्या अलीकडच्या वर्षांत आल्या आहेत.

आतां खरी अडचण पाहा. मधमाशांचा हल्ला झाला तर काय करावें याचा सर्वत्र एकच उपदेश आहे: तोंड आणि डोकें कापडानें झांकून घ्या आणि धांवत सुटा, दाट झुडपांत शिरा, बंद जागेंत शिरा, पण थांबूं नका. आणि धारेवरचा उपदेश काय? धांवूं नका, एकेक पाऊल जपून टाका, दोन्ही हात कातळावर ठेवा. हे दोन उपदेश एकाच माणसाला एकाच वेळीं पाळतां येत नाहींत. हात चेहऱ्यावर नेला तर आधार जातो. आधार धरून ठेवला तर चेहरा उघडा पडतो. सपाटीवर जें संकट पळून टाळतां येतें तेंच धारेवर प्राणावर बेततें, कारण डंखानें न मेलेला माणूस उडी घेऊन मरतो. याला वर गेल्यानंतर सुचणारें उत्तर नाहीं. जें कांहीं ठरवावयाचें तें खालींच ठरवावें लागतें.

म्हणून जाणते वाटाडे धार लागण्यापूर्वीं थांबतात आणि कपारींकडे बराच वेळ पाहत राहतात. शहरच्या पाहुण्यांना हा वेळ फुकट गेल्यासारखा वाटतो. पोळीं किती आहेत, वारा कोणीकडून कोणीकडे वाहतो, माशा शांत आहेत कीं पोळ्यांवर सारख्या लाटा उठत आहेत, हें तो पाहत असतो. 'आज नाही,' एवढे दोन शब्द तो बोलला कीं परतावें. नागपुराहून मोटारीनें आलों, रजा खर्ची पडली, फोटो निघाले नाहींत, हीं कारणें माशांना समजत नाहींत. त्यानें होकार दिला तरी अंगभर कपडे असावेत, मान व कान झांकतील असें एक मोठें उपरणें गळ्याभोंवतीं आधींच गुंडाळलेलें असावें, अत्तर-साबणाचा वास नसावा, विडी-काडी खालींच राहावी, आणि धारेवर बोलणें अगदीं कमी असावें. एकाच वेळीं धारेवर दोघां-तिघांहून अधिक जण नसावेत, म्हणजे परत फिरण्याचा प्रसंग आला तर वाट मोकळी सांपडते. एखादी माशी भोंवतीं घिरट्या घालूं लागली तर तिला हातानें झटकूं नये. जेथें असूं तेथून सावकाश मागें सरावें. डंख बसलाच तर नांगी तत्काळ काढून टाकावी. ती नखानें खरवडावी कीं चिमटीनें ओढावी यावर लोक वाद घालतात. महत्त्व रीतीला नाहीं, वेळेला आहे, कारण कातडींत राहिलेली नांगी कांहीं क्षण विष सोडीतच असते. डंख पुष्कळ बसले असतील, किंवा एकाच डंखानें श्वास कोंडूं लागला, ओठ-जीभ सुजूं लागली, तर घरगुती लेपांत वेळ न घालवितां रुग्णालय गांठावें. जंगलाच्या पायथ्यापासून तेथवर पोहोंचण्यास किती वेळ लागेल याचा हिशेब चढण्यापूर्वीं केलेला बरा.

हें सर्व जमून आलें, दिवस पौषाचा असला, कड्यावर माशा शांत असल्या, आणि धार ओलांडून माणूस माथ्यावर जाऊन बसला, म्हणजे त्याला जें दिसतें तें सह्याद्रीच्या कोणत्याहि शिखरावरून दिसत नाहीं. सह्याद्रीवरून डोंगरामागें डोंगर दिसतात. येथून दिसते ती सपाटी: जंगलाचा हिरवा-पिंवळा गालिचा, त्याच्या कडेला कापणी झालेल्या धानाच्या बांध्यांचे चौकोन, आणि त्यांच्यामध्यें उन्हांत चमकणारीं तळीं. हीं तळीं निसर्गानें दिलेलीं नाहींत. कोहळी समाजाच्या लोकांनीं उतार ओळखून, मातीचे बांध घालून पिढ्यान् पिढ्या तीं निर्माण केलीं. पुढें मालगुजारांच्या ताब्यांत आलीं आणि मालगुजारी संपल्यावर माजी मालगुजारी तलाव, म्हणजे लोकांच्या तोंडीं 'मामा तलाव', झालीं. पाणी कोणीकडून येईल आणि कोठें अडेल हें खालीं उभें राहून ओळखणाऱ्या त्या माणसांपैकीं कोणी कधीं या कड्यावर येऊन आपल्या कामाचा नकाशा पाहिला असेल काय, असा विचार मनांत आल्यावांचून राहत नाहीं.

बसण्याचा मोह आवरावा लागतो. पौषाचा दिवस लहान, आणि उतरणें हें चढण्याहून नेहमीं अवघड. चढतांना डोळे हातांच्या जवळ असतात आणि पकड दिसते. उतरतांना पाय डोळ्यांपासून चार हात दूर असतो, आणि त्याच्याखालीं काय आहे हें पोटरीआड दडतें. पायहि दमलेले असतात. उभ्या जागीं पाठ दरीकडे करून, तोंड कातळाकडे ठेवून उतरावें. तें दिसावयास ओशाळवाणें वाटतें खरें, पण शिडीवरून आपण असेच उतरतों आणि त्याची कोणाला लाज वाटत नाहीं. वाटाडा उतरतांना पुढें राहतो; चढतांनाहि पुढें होता, आतां मात्र तो दर चार पावलांनीं वळून प्रत्येकाच्या पायाकडे पाहतो. धार संपली, पहिलें झाड लागलें, त्याच्या बुंध्याला हात टेकला कीं इतका वेळ गप्प असलेलीं माणसें एकदम बोलूं लागतात.

खालीं जंगल लौकर काळोखतें. गांवाच्या कडेला पोहोंचेपर्यंत गुरें गोठ्यांत गेलेलीं असतात. तेथून मागें पाहिलें तर माथ्यावर अजून थोडें ऊन असतें. दुपारीं ज्या धारेवर तिघांना एकदम बसण्यास जागा नव्हती, ती एवढ्या अंतरावरून कड्याच्या माथ्यावरची एक बारीक रेघ दिसते, आणि तिच्याखालीं काळे ठिपके, ते मोहोळांचे.